अक्षतेएवढी फट

मखमलाबाद, नाशिक
ऑक्टोबर १९९९

प्रिय ज्ञानेश,

अनेक आशीर्वाद. फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोन नानांच्या उशाशी असतो. डोळे गेल्यापासून त्यांचे कान फार तिखट झाले आहेत, आणि मला जे लिहायचं आहे ते त्यांच्या कानावर जायला नको.

आपल्या फिएटबद्दल आधी सांगतो. आपली म्हणतो खरा, पण नानांच्या तोंडी ती कायम ‘ज्ञान्याची गाडी’. झेंडूच्या टोपल्या तिच्यातून फूलबाजारात मी नेल्या, भर उन्हात पंक्चरची चाकं मी बदलली. पण स्टिअरिंगपुढे नानांच्या मांडीवर बसायचास तू. मी मागे टोपल्या सांभाळत. तुला आठवत नसेल, मला आठवतं. म्हणून यंदा कार्बोरेटर गळायला लागला तेव्हा मेकॅनिककडे जायचं नाही असं ठरवलं. दुकानातून किट आणलं आणि ओट्यावर वर्तमानपत्र पसरून घरीच खोलला. गाडीसाठी नव्हे रे. नानांनी एकदा म्हणावं, सावळीरामानं केली.

सगळे भाग पेट्रोलनं धुतले, जेट फुंकून साफ केले. तोवर खंडेनवमी आली. पाटावर पाने, पक्कड, पेचकस मांडले, मध्ये कार्बोरेटर ठेवला, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, आपल्याच मळ्यातला झेंडू ठेवला. पुजलेल्या अवजाराला त्या दिवशी हात लावायचा नाही, म्हणून काम तिथंच थांबवलं. दसऱ्याला आरती झाल्यावर घाईघाईनं जोडला. सोनं वाटायला नानांना गाडीतून न्यायचं मनात होतं.

गाडी चालू झाली, पण स्लो काही बसेना. पाय दाबला की ठीक, सोडला की थरथरायची, धाप लागल्यासारखी करायची आणि बंद पडायची. हवेचा स्क्रू आत-बाहेर करून पाहिला. प्लग काढून घासले. पॉइंट साफ केले. एकेका प्लगची वायर काढून पाहिली, चारही सारखेच. पुन्हा कार्बोरेटरचं वरचं झाकण काढून फ्लोट तपासला. चोक ओढून धरला की तेवढी शांत व्हायची, हे मला दिसत होतं, पण त्याचा अर्थ लागत नव्हता. सुवर्णा ओट्यावरून म्हणाली, “भाऊजी येईपर्यंत ती काही ऐकायची नाही. तुम्ही जेवून घ्या.” ती हसत म्हणाली. मला घास गोड लागला नाही.

नाना आत पडून सगळं ऐकत होते. रविवारी तुझा फोन आला तेव्हा त्यांनी मला हाक मारली, “सावळ्या, गाडी चालू कर, नि फोन खिडकीशी धर. ज्ञान्याला ऐकू दे.” मी वायर ओढून रिसीव्हर खिडकीच्या गजाबाहेर धरला. मोठा भाऊ, पन्नाशीला आलेला, फोन धरून उभा, आणि बडोद्यात बसून तू ऐकतोयस. चोक ओढल्यावर शांत होते का, एवढंच तू विचारलंस आणि सांगितलंस, “दादा, बुडाशी कुठून तरी हवा ओढतेय. खालचं गॅस्केट बघ.” नानांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. म्हणाले, “बघ, त्याला बडोद्यातून ऐकू आलं. तू बॉनेटमध्ये डोकं घालून बहिरा.”

त्या दिवशी मी गाडीला हात लावला नाही. संध्याकाळी देवापुढे बसलो, पण मन स्तोत्रात लागेना. रोज फुलं मी वाहतो आणि प्रसाद दुसऱ्याच्या हातावर पडतो, असं काहीबाही मनात येत राहिलं. देवाला हे सांगायचीही लाज वाटली. त्याला ते आधीच ठाऊक असणार.

सकाळी कार्बोरेटर उतरवला. गॅस्केटच्या पातळ पट्टीखाली एक अक्षता चिकटून चपटी झाली होती. कुंकू अजून लाल होतं. ओल्या कुंकवाबरोबर बुडाला लागली असणार, आणि घाईत मी पुसायचं विसरलो. तेवढ्या फटीतून गाडी हवा ओढत होती. मी एकटाच हसलो, आणि मग हसू आलं तसं गेलं. माझीच पूजा माझ्या कामात आडवी आली होती. अक्षता तुळशीत टाकली, नवं गॅस्केट बसवलं, नट आलटून पालटून बेताबेतानं आवळले. गाडी सुरू केली. पाय काढला. अशी एकसुरात चालली की बॉनेटवर पाण्याची वाटी ठेवली असती तरी हलली नसती.

मी नानांजवळ गेलो. त्यांनी मान खिडकीकडे केली होती. बराच वेळ ऐकलं. मी वाट पाहत होतो, ज्ञानेश, या वयात, शाळेतल्या पोरासारखी. ते म्हणाले, “ज्ञान्या कधी आला?”

माझ्या तोंडाशी आलं होतं, की मी केली, मी. पण त्यांचा हात चादरीवर काहीतरी चाचपत होता, आणि तो माझ्यासाठी नव्हता. डॉक्टरांनी परवा मला बाहेर बोलावून सांगितलं आहे, बाहेरगावी कोणी असेल तर बोलावून घ्या. हे तुला फोनवर सांगता आलं नाही. मी नानांना म्हणालो, “आत्ताच आलाय. हाताला ऑइल लागलंय, धुतोय.” तेव्हापासून ते रोज विचारतात, हात धुवायला एवढा वेळ लागतो का रे. मी म्हणतो, ऑइल चिवट असतं, नाना. हे आता फार दिवस चालणार नाही. पत्र मिळताच निघ. गाडी कोणी नीट केली ते त्यांना सांगू नकोस, हात तेवढा त्यांच्या हातात दे.

तुझाच,
सावळीरामदादा