शिंगाळ्यासाठी बंदी

६ जून २००४, रविवार

एका शिंगाळ्याची खरी किंमत : चार माणसांचे दोन दिवस, होडीच्या इंजिनाचं तेल, बर्फाची एक लादी, आणि नाथाचं कोपऱ्यावर फाटलेलं जाळं. मासा किती? दीड किलो! नाशिकला भद्रकालीच्या बाजारात पाठवायची लाज वाटली म्हणून घरीच ठेवला. बायकोने, आशाने, कापला तर पोटात मूठभर गाभोळी. तिने ती वेगळी तळून वाढली. चांगली झाली होती.

डोक्यावर पाटी घेऊन निफाडच्या बाजारात जायचो तेव्हा शिंगाळ्याची शेपटी पाटीबाहेर लोंबायची. आता दोन टेम्पो आहेत, बर्फाची खोली आहे. मासा नाही. वर फिरणारी चिलापी हवी तेवढी, पण तळाला राहणारा शिंगाळा गेला. इतकी वर्षं बंधाऱ्याचा तळ आम्हीच बारीक जाळ्यांनी खरवडला. दुसरं कोण येणार होतं?

दुपारी मच्छीमार सोसायटीची सभा. चेअरमन मी, तेव्हा बोललोही मीच. ठराव झाला – मृगापासून नारळी पौर्णिमेपर्यंत बंधाऱ्यात जाळं नाही. अंडी घालू दे बिचाऱ्याला. आणि पुढेही जाळ्याचं भोक चार बोटांपेक्षा बारीक चालणार नाही. मागून पुंजा ओरडला, "बोटं कुनाची, चेअरमन? तुमची का माझ्या बायकोची?" हशा. माझी, म्हटलं. माझी बोटं जाड.

सगळ्यांनी हात वर केले. नाथाने सगळ्यात शेवटी.

७ जून

जाळी काढली. होड्या काठावर उपड्या. नाथाला म्हटलं, मी झोपेत असलो तरी पाण्यात जाळं पडलेलं मला ऐकू येतं. तो म्हणाला, "तुझे कान लहानपनापासूनच लांब." एका होडीत वाढलो आम्ही. असं बोलायची मुभा त्यालाच.

२१ जून

मधे तीन दिवस सोसायटीच्या कामाला नाशिकला जाऊन आलो. पाणी शांत. दोनदा काठाने फिरून आलो, एक होडी जागची हललेली नाही. पलीकडच्या गावचा चेअरमन भेटला. रडत होता – आमच्याकडे बंदीत दिवसाढवळ्या मासे मारतात! त्याला सांगितलं, धाक असावा लागतो.

११ जुलै

पुंजा टेम्पोवर हमाली मागायला आला. दिली. त्याच्यामागून आणखी तिघे. टेम्पो दोनच आहेत.

१८ जुलै, रविवार

भागुबाई पाण्याला चालली होती. केरूची बायको, नाथाची सून. दारासमोर थांबली. "आबा, यंदा श्रावण दोन हायेत. आमी बी दोनदा उपाशी राहायचं का?"

आत जाऊन पंचांग काढलं. खरंच. ठराव करताना पंचांग कुणी उघडलंच नाही! पाण्याला नारळ वाहिल्याशिवाय बंदी सुटते कशी, म्हणून नारळी पौर्णिमा तोंडात आली आणि तीच लिहिली. अधिक महिना कुणाच्या ध्यानात नाही – माझ्याही नाही. महिनाअखेर सुटायची ती बंदी आता ऑगस्टच्या शेवटावर गेली.

सभा परत बोलवावी का? बोलवली तर आज तारीख हलेल, उद्या जाळ्याचं भोक हलेल. पिल्लांना महिना जास्त मिळतो, वाईट काय? मनाला असं समजावलं. जेवण गेलं नाही.

२६ जुलै

केरूला धरलं. मीच. लव्हाळ्यातून जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या पाण्यात पडल्याचा आवाज आला, तसा वळलो. बारीक जाळं. आत सात-आठ चिलाप्या, तळहाताएवढ्या.

"आबा, यात शिंगाळा कुठंय? पोरांना कालवण करायचं हाय."

"जाळं बारीक आहे, केरू."

"मासाच बारीक हाय तर मोठं जाळं घेऊन काय झोका बांधू?"

लोक जमले. सगळे माझ्या हाताकडे बघत होते. याला सोडलं तर उद्या चाळीस होड्या पाण्यात. कोयत्याने जाळं उभं फाडलं. गाठी नाथाच्या होत्या, त्याची गाठ मी हजारात ओळखीन. ओळखली, तरी फाडलं.

२७ जुलै

नाथा चहाला आला नाही.

९ ऑगस्ट

केरू बिऱ्हाड घेऊन लासलगावला गेला. कांद्याच्या खळ्यावर, निवडायला. एसटीपर्यंत गेलो मी. भागुबाईने पदर तोंडाला लावला, बघितलंही नाही. केरू तेवढा म्हणाला, "येतो आबा." ते जास्त लागलं.

येताना नाथा ओट्यावर बसलेला. मी थांबलो. तो पाण्याकडे बघत म्हणाला, "मासे वाढव तू. मानसं कमी कर." एवढंच.

त्याचं काय चुकलं? पण माझंही काय चुकलं? काहीच केलं नसतं तर पुढची पोरं शिंगाळा चित्रात बघणार!

२२ ऑगस्ट

आता माझ्याशी सगळे 'अहो चेअरमन' करून बोलतात. चेष्टा कोणी करत नाही. गावात असा वावर नको वाटतो.

३० ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

सुटली बंदी. नारळ सोडला. नाशिकहून मत्स्य खात्याचे साहेब आले होते, माइकसुद्धा होता. मी बोललो – अख्ख्या बंदीत एक जाळं पडलं, तेही या हातांनी फाडलं! तळातल्या माशाला हात लागू दिला नाही! साहेबांनी टाळ्या वाजवल्या. गाववाल्यांनी त्यांच्याकडे बघून वाजवल्या.

नाथा होता. हात मांडीवर.

३१ ऑगस्ट

चाळीस होड्या गेल्या. चिलापी, चिलापी, चिलापी. शिंगाळा नाही. साहेब फोनवर म्हणाले, एका वर्षात दिसत नाही, धीर धरा. धरतो. दुसरं काय धरण्यासारखं उरलंय?

२ सप्टेंबर

नवं जाळं घेऊन नाथाच्या ओट्यावर गेलो. म्हटलं, केरूला बोलावून घे, बंदीचं सोनं व्हायला वेळ लागेल, पण होईल. त्याने जाळं हातात घेतलं, भोकात चार बोटं घालून बघितली, आणि माझ्याकडे सरकवलं. मग शांतपणे बोलला, किती दिवसांनी!

"मल्हारी, मृगाच्या आठवड्यात तू नाशिकला गेलतास ना, तवा आमी सगळ्यांनीच होड्या घातल्या व्हत्या. तीन दिवस तळ खरवडला. एक शिंगाळा लागला नाय. मग पाळली तुझी बंदी."