रॅममधलं घर

मंगळवार, ४ नोव्हेंबर
आजही तेच! सहाला पाच कमी असताना बसलो, गेम उघडला सहा वाजून नऊ मिनिटांनी. तोवर ही तिकडे ताटकळत. हिची दुसऱ्या गावी बदली होऊन चौदा महिने झाले. रोज सहा ते सात हीच आमची भेट — दोघांनी मिळून गेममध्ये घर बांधायचं. ते घर साठवलेलं माझ्या पीसीवर, म्हणजे माझा डबा उघडेपर्यंत तिलाही आत येता येत नाही. आणि आत गेल्यावर मी अडखळत चालतो, ती केव्हाच पुढे.

माझं टेबल बाबांच्या खोलीत, त्यांच्या पलंगाच्या पायथ्याशी. खुब्याचं हाड मोडल्यापासून ते पडूनच असतात, हाक मारली की कोणीतरी हवं. त्यांना स्क्रीन दिसते. आज म्हणाले, “सूनबाई पुढे गेली. तू कुठे अडकलास?”

इथेच, बाबा.

बुधवार, ५ नोव्हेंबर
ऑफिसातल्या सिस्टिमवाल्याला फोन केला. “रॅम डिस्क कर. रॅमचाच एक तुकडा काढून त्याला डिस्क समजायचं. गेम तिथून पळत सुटेल बघ. पण पीसी बंद पडला की आतलं सगळं साफ! तुमचं ते घर तिकडे ठेवू नकोस.”

ठेवलं. घर उघडायलाच तर वेळ लागतो! फोल्डर कट करून थेट तिकडे नेला. दर दहा मिनिटांनी साध्या डिस्कवर नक्कल उतरवायची सोय आहे, पण ती चालू असली की गेम गचके खातो. तीही बंद केली. वीज गेली तर इन्व्हर्टर आहे. पीसी बंदच करायचा नाही, झालं!

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
चाळीस सेकंदांत गेम उघडला! अपडेट, सूचना, मागे उगाच चालणारं जे जे दिसलं ते सगळं बंद केलंय. हिला अभिमानाने सांगितलं. “हं, छान,” एवढंच म्हणाली. दमली असेल.

रविवार, ९ नोव्हेंबर
पीसी चालू, म्हणून खोली सोडवत नाही. आधी बाबांमुळे अडकलो होतो, आता या डब्यामुळेही. फिजिओवाल्या ताई बाबांचा व्यायाम घ्यायला आल्या, त्यांचा पाय वायरीत अडकला. मी ओरडलोच. त्या घाबरून म्हणाल्या, “अहो, बाबांना लागलं का?” काय सांगणार!

दुपारी आत्याचा फोन. बाबांना घेऊन हिच्याकडे राहायला जाण्याचा विषय निघायच्या आतच म्हणाली, “दादा त्या घरातून हलायचा नाही, लिहून ठेव.” फोन ठेवल्यावर बाथरूममध्ये जाऊन रडलो. कंटाळलोय मी. बाबांना नाही. — हो, कधीकधी बाबांनाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर
गेलं. सगळं गेलं.

चारच्या सुमारास बाबांच्या हवेच्या गादीचा पंप कर्कश वाजायला लागला. “बंद कर ते आधी!” बाबा वैतागले. मी टेबलाखाली वाकलो आणि घाईत प्लग ओढला. पंपाचा आणि पीसीचा, दोन्ही प्लग काळे, एकाच बोर्डावर. पंप वाजतच राहिला. स्क्रीन काळी झाली.

जिना, नदीवरचा पूल, हिने तीनदा हलवलेली स्वयंपाकघराची खिडकी. चौदा महिन्यांचं काम, माझ्याच हाताने!

हिला कळवलं, आज नेट नाही. खोटं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
घरून करायचे ऑफिसचे नकाशे बाजूला सारून सकाळपासून जुन्या फोटोंवरून घर पुन्हा बांधत बसलो. सहापर्यंत एक भिंत आणि अर्धा जिना. ती गेममध्ये आली, थांबली. मग मी भडाभडा सगळं सांगून टाकलं.

ती अर्ध्या जिन्यावर जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, “एक सांगू? मला हा गेम कधीच आवडला नाही.”

“मग रोज का यायचीस?”

“तू भेटायचास ना इथे! तुला बांधायला आवडतं, म्हणून मीही विटा रचत बसले.”

आणि मी समजत होतो, हे घर तिलाच हवंय. म्हणून तर एवढा जिवाचा आटापिटा!

मग हलकेच म्हणाली, “इथलं क्वार्टर तळमजल्यावर आहे. बाबांचा पलंग पुढच्या खोलीत मावतो. मी मोजून ठेवलंय.”

“बाबा नाही हलणार गं.”

“त्यांना विचारलंस?”

“आत्या म्हणते—”

“आत्यांना नाही. बाबांना.”

मी वळून पाहिलं. पलंग माझ्या मागे तीन फुटांवर. बाबांचा डोळा लागला होता.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
सकाळी चहा देताना विचारलं, हिच्याकडे राहायला जायचं का. बाबांनी कप बाजूला ठेवला. म्हणाले, “मला वाटत होतं, तुलाच इथून हलायचं नाहीये.”