बाबांनी नवी गाडी घेतली

रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार, छकुलीला एक पापा. आम्ही सगळे बरे आहोत. हे वाक्य मी दर पत्रात सवयीने लिहिते, आज मात्र ते अगदी खरं आहे.

आधी बातमी. बाबांनी नवी गाडी घेतली. देशीच, त्यांच्याच कारखान्याची. तेव्हा घाबरू नकोस, बाबा अजून बाबाच आहेत. रंग राखाडी. आई म्हणते उंदरासारखा, बाबा म्हणतात मळ दिसत नाही. समोरचे मास्तर विचारायला आले, "आता बाहेरच्या एवढ्या चांगल्या गाड्या मिळतात, मग हीच का?" बाबा म्हणाले, "मी जन्मभर हिचे सांगाडे जोडले, आता हिच्यात बसूनही बघतो."

जुनी भंगारात गेली. म्हातारी झाली होती, कधीतरी जायचीच होती.

दादा, एवढं लिहून मी उठले, कपडे वाळत घालून आले. आता सांगूनच टाकते. आई न्हाणीघरात घसरली आणि मनगट मोडलं, असं मी तुला फोनवर म्हणाले होते. ती घसरली नव्हती. बाजाराच्या उतारावर जुन्या गाडीचे ब्रेक लागले नाहीत. बाबा चालवत होते, आई शेजारी. खाली शाळा सुटली होती. बाबांनी खालचा गिअर टाकला, हँडब्रेक ओढला आणि गाडी दवाखान्याच्या भिंतीला घासत घासत थांबवली. रस्त्यावर कोणालाही लागलं नाही. आईचा हात तेवढा दारावर आपटला.

तुला कळवू नये म्हणून आईने माझा हात घट्ट धरला, चांगल्या हाताने. ती गाडी आता चालवू नका, असं तू माझ्याकडून कितीदा सांगून पाठवलं होतंस. आता तू 'मी म्हणालो होतो' म्हणशील आणि पुन्हा जुनं सगळं उकरलं जाईल, याची तिला धास्ती होती.

तू परदेशी मोटार कंपनीत लागलास तेव्हा त्याच कंपनीच्या गाड्यांमुळे बाबांच्या विभागातली निम्मी माणसं घरी बसली होती. ज्यांच्याबरोबर रोज डबा खाल्ला त्यांना तोंड कसं दाखवू, असं ते आईला म्हणायचे. आणि तू नेमका तेव्हाच त्या कंपनीची गाडी घेऊन आलास. "ही माझ्या दारात नको," एवढंच ते बोलले, आणि तू चहाही न घेता वळलास. मला दोघांचंही पटायचं, हीच माझी पंचाईत.

असो. आईचं प्लास्टर निघालं आणि आम्ही तिघं शोरूममध्ये गेलो. तिथली विक्रेती फार उत्साही. तिने बॉनेट उघडलं आणि म्हणाली, "काका, इंजिनाची काळजीच सोडा," आणि थेट तुझ्या कंपनीचं नाव घेतलं. "त्यांचंच इंजिन आहे. दोन्ही कंपन्या आता मिळूनच काम करतात."

आता उलट्या पावली घरी, असंच मला वाटलं. बाबा वाकून आत बघायला लागले.

"आणि सांगाडा?"

"तो आपल्याच कारखान्यात जोडतात, काका."

त्यांनी दाराच्या सांध्यावरून अंगठा फिरवला. "जोड बरा आहे," म्हणाले. मग माझ्याकडे बघून हसायला लागले. "म्हणजे ह्या दोघांनी कधीच मिटवलं होतं. आम्हालाच कोणी कळवलं नाही."

दादा, बाबांना असं हसताना मी किती दिवसांनी पाहिलं. आई म्हणाली, "मी बसून बघू का, की तुम्ही दोघंच ठरवणार?" बसली, उतरली, परत बसली. "गुडघा दुखला नाही. हीच घ्या." झालं, ठरलं.

गाडी घरी आली ती शोरूमचा माणूस घेऊन. बाबा रोज सकाळी ती पुसतात, आत बसतात, आरसा सारखा करतात आणि उतरतात. चालवली मात्र एकदाही नाही. आम्ही कोणी विषय काढला नाही. काल संध्याकाळी मी मटार सोलत होते, ते जवळ येऊन बसले.

"ब्रेक चांगले आहेत. मला माहीत आहे," ते म्हणाले. "पायाला अजून माहीत नाही."

मी आणखी एक शेंग फोडली.

"त्याला विचार, सुट्टी मिळते का. शेजारी बसेल, मी चालवेन."

"कोणाला?"

"घरात किती मुलगे आहेत मला?"

"मी बसते की शेजारी," मी म्हटलं. गंमत म्हणूनच.

"तू बसलीस तर तूच घाबरशील. तो असला की मी घाबरणार नाही." एवढं बोलून त्यांनी माझ्या पुढ्यातल्या चार शेंगा उचलल्या आणि सोलायला लागले.

आत आईने रेडिओ बंद केला होता. तिने सगळं ऐकलं असणार, कारण रात्री जेवताना ती उगाचच दोनदा हसली.

हे लिहिलं आणि कितीतरी हलकं वाटतंय. कधी येतोस ते कळव. फोन करणार असलास तर बाबांनाच कर, ते उचलतील. इतकी वर्षं मी तुम्हा दोघांच्या मध्ये बसून होते.

आता मागच्या सीटवर निवांत बसायला आतुर झालेली,
तुझी धाकटी