दारू ट्रॅक्टरनं प्यायली, खटला माझ्यावर

सावरगाव,
ता. ९ ऑक्टोबर १९८६

चि. तुळशीराम यास मधुकरचा सप्रेम जयभीम.

तुझी प्रकृती कशी आहे? नागपूरची हवा मानवते का? खोकला गेला असेल तर उत्तम, गेला नसेल तर त्यावर तू जे औषध घेतोस ते आधी बंद कर. तुझी ताई वत्सला बरी आहे, पोरं बरी आहेत. मी बरा नाही. मी आरोपी आहे. (हसू नकोस. साळा म्हणून तुझा हसण्याचा हक्क मला मान्य आहे, पण पत्र संपेपर्यंत दम धर.)

पोळ्याच्या संध्याकाळी मी तुला पांढुर्ण्याच्या स्टेशनावर सोडलं, ते तुला आठवत असेल. किंवा नसेलही, कारण तू मडगार्डवर बसून सगळा रस्ता गात होतास. तो ट्रॅक्टर आमच्या मालकांचा, नत्थूजींचा. यंदा त्यांनी बैल विकून तो घेतला आणि चालवायला मला ठेवलं. पण बैल विकले म्हणून घरची चाल थोडीच विकली जाते! त्यांच्या आई देवकाबाई दर पोळ्याला बैलांच्या खांद्यांना हळद-तूप लावतात आणि वर्षाचा शिणवटा जावा म्हणून वरून मोहाची दारू चोळतात. यंदा म्हातारीनं बोनेटला हळद-तूप फासलं, दोन दिव्यांच्या मधोमध कुंकू लावलं आणि बाटली उघडली. मी हात जोडून सांगितलं की आजी, हे लोखंड आहे, याचे खांदे दुखत नाहीत. त्यावर, "बैलाईले लावत होतो, त याले काऊन नाही?" असं मलाच विचारून तिनं बोनेट, स्टिअरिंग, सीट, सगळं चोळून काढलं. उरलेली सायलेन्सरवर ओतली. त्याच ओल्या सीटवर बसून मी तुला पोचवायला निघालो. (पायी गेला असतास तर हे पत्र लिहावंच लागलं नसतं. पण तू पायी जाण्याच्या अवस्थेत नव्हतास.)

आता दुसऱ्या दिवशी गोटमार, नदीच्या दोन काठांवरून दगडफेकीचा तो खेळ. तिच्या आदल्या संध्याकाळी जाम नदीच्या पुलावर पोलीस उभे असतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचा वास घेतात, हे सावरगावचं शेंबडं पोरही सांगेल. मला ते आठवलं नाही, कारण माझा वास घेण्याची वेळ आजवर कोणावर आली नव्हती. जाताना पूल मोकळा होता; तुला गाडीत बसवून परत येतो तर इंजिन तापलेलं, त्यावरची दारू तापलेली, आणि पुलापाशी पोचलो तेव्हा अख्खी भट्टी चालत आल्यासारखा दरवळ सुटलेला. जमादारानं टॉर्च मारून विचारलं, "पी रखी है क्या?" मी खरं बोलणारा माणूस. म्हणालो, "म्या नाही साहेब, ट्रॅक्टरनं पेली."

तुळशीराम, माझ्या उभ्या आयुष्यातलं हे सगळ्यात खरं वाक्य, आणि तेच माझ्याविरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा ठरलं. शुद्धीतला माणूस असं बोलेल का, असं जमादार म्हणतो. आणि त्याचं अगदीच चूक आहे असं मला म्हणवत नाही.

तिथून ठाण्यात आणि मग दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितलं, वास नाही. मी वळलो, वास आला. पुन्हा तोंड उघडायला लावलं, पुन्हा नाही. समोरून सज्जन आणि पाठीमागून दारुडा असा माणूस त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच पाहिला. मग फरशीच्या रेषेवरून सरळ चालायला सांगितलं. ठाण्यात बाकावर बसून माझ्या पायाला मुंग्या आलेल्या, त्यामुळे मी तिरपा गेलो. रक्त काढून बाहेरगावी तपासायला पाठवलं आहे. ते रक्त गेलं ते गेलंच, त्याचा काही पत्ता नाही.

सौंसरच्या कोर्टात मोरेश्वर वकील दिले आहेत. माणूस भला, पण त्यांचा सल्ला ऐकून डोकं फिरतं. म्हणतात, गुन्हा कबूल कर, दंड भर, घरी जा. अरे, पण कबूल काय करू? सरकारी बसवर ड्रायव्हर घेणार आहेत, मी अर्ज केला आहे. दारू पिऊन गाडी चालवल्याचा शिक्का लायसनवर बसला की ती नोकरी मेली. मी म्हटलं, मग खरं सांगतो. तर म्हणतात, देवकाबाईच्या घरी चोरटी दारू कशी आली, हे कोर्ट विचारेल, म्हातारी अडकेल. नत्थूजींनी तर हातच जोडले की बाप्पा, आईले कोर्टात उभं नको करू. म्हणजे मी सुटायचं तर तिनं अडकायचं! असला कसला कायदा, मला समजत नाही, आणि वकिलांना समजतो यानं माझी चिडचिड आणखीच वाढते.

आणि विहारातलं काय सांगू? दर रविवारी वंदना मी घेतो. पंचशीलातल्या दारू न पिण्याच्या शीलाशी, 'सुरामेरय'पर्यंत आलो की मागून कोणीतरी खोकतं. परवा तर दोन बाजूंनी खोकले. मी पुस्तक खाली ठेवलं नाही, वंदना पुरी केली. मला फार लागलं रे.

असो. बाकी सर्व ठीक म्हणायची पद्धत आहे, पण ती मी आज पाळत नाही.

तुझा,
मधुकर

ता. क. : पुढल्या सोमवारी सौंसरला तारीख आहे. त्या संध्याकाळी मी कोरडा होतो हे पाहणारा एकटा तूच. वकिलांनी विचारलं, तो तरी शुद्धीत होता का? मी विषय बदलला. पण तू ये आणि इतकंच सांग की इतकी वर्षं तू माझ्यापुढे पेला करतोस आणि इतकी वर्षं मी तो परत सारतो. विहारात मला शीलवान म्हणणारे पुष्कळ आहेत, पण माझी परीक्षा तुझ्याशिवाय कोणी घेतलेली नाही.

ता. क. २ : तुझी ताई म्हणते, त्याला बोलावू नका, पिऊन येईल आणि तुम्हाला बुडवेल. तिचं म्हणणं खोटं ठरव.

ता. क. ३ : पाकीट बंद करत होतो तेवढ्यात देवकाबाई आल्या. नत्थूजींचं न ऐकता त्या स्वतः कोर्टात येणार आहेत, सगळं खरं सांगणार आहेत, अगदी ती बाटली पोळ्याच्या सकाळी त्यांना कोणी आणून दिली हेसुद्धा. तेव्हा सौंसरला तुला यायचंच आहे. साक्षीदार म्हणून यायचं की आरोपी म्हणून, तेवढं तू ठरव.