अण्णांच्या काठीचे ठोके

७ जानेवारी, सकाळ
आज इंजिन सुरू झालं! अडीच वर्षांनी. सव्वा मिनिट चाललं, मग एक जोरदार बार काढून बंद पडलं. पण सुरू झालं हे महत्त्वाचं. बायको शाळेत शिकवायला निघाली होती, तिनं दारातूनच विचारलं की आता हे रोज होणार का. उत्साह वाढवणं म्हणतात ते हेच.

संकल्प: वीस फेब्रुवारीला माझ्या वडिलांना, अण्णांना, ब्याऐंशी पूर्ण होतात. त्या दिवशी त्यांना शेजारच्या सीटवर बसवून तळ्यापर्यंत चक्कर. गाडी दोन सीटची, लाल, वयानं माझ्याहून चार वर्षांनी लहान आणि दिसायला चाळीस वर्षांनी. अण्णांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली आणि माझ्या हाताला यश नाही हे ते मी आठ वर्षांचा असल्यापासून सांगत आले. आठव्या वर्षी मी त्यांचं एक गजराचं घड्याळ खोललं होतं. ते अजून खोललेलंच आहे, त्यांच्या कपाटात, डबीत. वीस तारखेला तो विषय कायमचा संपेल.

९ जानेवारी
पेट्रोलचा काटा दुरुस्त केला. एकट्यानं, गाडीच्या मिस्त्रींना न विचारता. टाकी भरली, काटा लगेच ‘भरलेली’वर जाऊन बसला. इतक्या रुबाबात बसला की मी पाच मिनिटं नुसता बघत होतो.

१२ जानेवारी
आता खरं काम. ट्यूनिंग. दोन कार्बुरेटर आहेत आणि दोघांनी सारखीच हवा ओढली पाहिजे. जुनी, खानदानी पद्धत अशी: रबरी नळीचं एक टोक कार्बुरेटरच्या तोंडाशी, दुसरं आपल्या कानाशी. फुसफुस ऐकायची. दोन्हीकडची फुसफुस जुळली की झालं. याला कान लागतो. आणि शांतता लागते. समोरच्या घरातल्या बाई ओटा धूत होत्या, त्यांच्या बादलीमुळे डावा कार्बुरेटर ऐकूच येईना. उद्यापासून शटर खाली ओढून काम.

१५ जानेवारी
गंमत झाली. अण्णांची खोली बरोब्बर गॅरेजच्या वर. कंबरेमुळे ते जिना उतरत नाहीत. आज इंजिन चालू असताना वरून टक्‌ असा आवाज. मग पुन्हा टक्‌. वर गेलो तर म्हणाले की तुझं इंजिन मधूनमधून ठोका चुकतंय, आणि ते चुकलं की मी काठी आपटतोय. ज्या माणसानं साठ वर्षं घड्याळांची टिकटिक ऐकली त्याचा कान फुकट घालवायचा कशाला? पद्धत ठरवली. इंजिन चुकलं की एक ठोका. लागोपाठ दोन ठोके म्हणजे बंद कर.

दहा मिनिटांत एकेचाळीस ठोके आले. वहीत आलेख काढायला घेतला.

पन्नास वर्षांत आम्ही दोघं पहिल्यांदाच एका कामावर आहोत. लिहिताना बरं वाटतंय.

१८ जानेवारी
तेहेतीस ठोके. प्रगती.

समोरच्या बाईंची तक्रार आली, आवाजाची. शटरच्या खालच्या फटीत जुनी रजई कोंबली. खिडकीला फोम चिकटवला. आता आत सुई पडली तरी ऐकू येईल. एक पडली, ऐकू आली, सापडली मात्र नाही.

२१ जानेवारी
थंडी फार. बायकोनं अण्णांच्या खोलीच्या खिडक्या लावून घेतल्या आहेत. अण्णांची तक्रार की इंजिन नीट ऐकू येत नाही. यावर मी जो उपाय काढला तो इंजिनीअर लोकांनाही सुचला नसता. छतातून पूर्वी पाण्याचा पाइप वर जायचा, त्याचं भोक चिंध्या कोंबून बंद केलेलं होतं. चिंध्या काढल्या. भोकाला खालून पत्र्याचं मोठं नरसाळं बसवलं, रुंद तोंड खाली, इंजिनाच्या बरोब्बर वर. खालचं सगळं आता थेट वर जातं. अण्णा म्हणाले की आता अगदी उशाशी असल्यासारखं येतंय.

खूश दिसले. मला बऱ्याच वर्षांनी चांगलं म्हणाले. म्हणजे नरसाळ्याला म्हणाले, पण बसवलं मीच.

२५ जानेवारी, रविवार
बायकोचं डोकं दुखतंय. मागच्या रविवारीही दुखत होतं. तिचं निरीक्षण असं की शाळेत अजिबात दुखत नाही, घरी राहिलं की दुखतं. मी म्हटलं, शाळेत मुलं ऐकतात, घरी कोणी ऐकत नाही, त्याचा ताण असेल. हे मी विनोदानं म्हटलं होतं. तिनं तसं घेतलं नाही.

माझंही थोडं दुखतं. चष्म्याचा नंबर बदलला असणार.

२८ जानेवारी
गाडीचे मिस्त्री येऊन गेले. एक चष्मा डोळ्यांवर, एक कपाळावर, आणि बोलताना दोन्हींच्या मधून बघतात. आत पाऊल टाकलं आणि मागच्या मागे बाहेर. आधी शटर उघडा म्हणाले. इंजिन असं कोंडून चालवायचं नसतं म्हणाले. धुराच्या पाइपाच्या जोडावर मी पुठ्ठा कापून लावला होता तो बोटानं उचकटून दाखवला, इथून सगळं बाहेर येतंय म्हणे. मग वर बघितलं आणि हे नरसाळं कशाला, असं विचारलं. मी शास्त्रीय कारण सांगितलं. त्यांनी कपाळावरचा चष्माही डोळ्यांवर ओढला.

अशा माणसांना दुसऱ्याची बुद्धी सहन होत नाही. पुठ्ठा मात्र बदलला. जाड लावला.

२ फेब्रुवारी
एकोणीस ठोके. आलेख सुंदर उतरतोय. पेट्रोलचा काटा अजून भरलेल्यावरच. महिनाभर रोज इंजिन चालवतोय, गाडी पेट्रोल पितच नाही! ट्यूनिंगचा परिणाम. हे कुठल्यातरी मासिकाला कळवलं पाहिजे.

अण्णांची तब्येत सुधारली आहे. गालांवर लाली आली आहे, तरुण माणसासारखी. बायकोला म्हटलं, बघ, काम मिळालं की माणूस कसा फुलतो. ती म्हणाली की ते कालपासून जेवलेले नाहीत, आणि परवा त्यांनी तिला माझ्या आईच्या नावानं हाक मारली. ही नेहमी वाईट बाजूच बघते.

५ फेब्रुवारी, दुपार
अकरा. शेवटी लागोपाठ दोन ठोके आले. दोन म्हणजे बंद कर असं ठरलं होतं खरं. पण एवढं सुरेख चाललेलं इंजिन बंद कर असं कोण म्हणेल? शाबासकी असणार. आणखी पाऊण तास चालवलं.

नंतर वर गेलो. खुर्चीत बसल्या बसल्या झोपले होते, काठी हातातच. दोनदा हाक मारली तर डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि दुकान बंद कर म्हणाले. घड्याळांचं दुकान विकून दहा वर्षं झाली. पांघरूण घातलं आणि खाली आलो. वय.

८ फेब्रुवारी
बायको म्हणते की अण्णांना थोडे दिवस तिच्या बहिणीकडे नेऊन ठेवू. त्यांना विचारलं तर नाही म्हणाले. मग ठोके कोण मोजणार, असं म्हणाले. मला भरून आलं. बायकोचे डोळेही भरले, पण तिचं कारण वेगळं असावं.

तिच्या समाधानासाठी वरची खिडकी चार बोटं उघडी ठेवायचं कबूल केलं.

९ फेब्रुवारी
थंडी. खिडकी लावली. अण्णा काकडत होते, मी काय करू?

११ फेब्रुवारी
मांजर बऱ्याच दिवसांत गॅरेजमध्ये आलेलं नाही. पूर्वी बॉनेटवर पसरलेलं असायचं. भिंतीवरच्या पालीही दिसत नाहीत. स्वच्छता ठेवली की असं होतं.

१३ फेब्रुवारी
पाच.

कार्बुरेटरच्या त्या छोट्या स्क्रूला काय म्हणतात ते सकाळपासून आठवत नाही. तासभर बसून राहिलो. मग का बसलोय ते आठवेना. आज लवकर झोपणार.

१३ फेब्रुवारी
वर तारीख चुकली आहे. किंवा ही चुकली आहे. बायकोला विचारायला हवं होतं, पण ती चिडली आहे. मिस्त्रींचा फोन तिच्याकडे आला होता म्हणे. मला न विचारता माझ्या मिस्त्रींशी बोलते! तिनं विचारलं की शटर उघडं ठेवतोस ना. ठेवतो म्हटलं. एकदा ठेवलं होतंच.

१६ फेब्रुवारी, दुपार
शून्य.

वीस मिनिटं चालवलं. वरून एकही ठोका नाही. पुन्हा वीस मिनिटं. नाही. साठ वर्षं घड्याळं ऐकलेल्या कानाला माझ्या इंजिनात एकही चूक सापडली नाही. आलेख खालच्या रेघेला टेकला. मी चक्क गॅरेजमध्ये एकटा टाळ्या वाजवल्या. मग उलटी झाली. आनंदाची.

वर सांगायला गेलो. झोपले होते.

१९ फेब्रुवारी
उद्याचा बेत पक्का. अकरा वाजता इंजिन सुरू करायचं आणि आयडलवर, म्हणजे जागच्या जागी मंद चालत, सोडून द्यायचं. सलग तीन तास. सतत गाडीपाशी उभं राहून लाड केले की तिला सवय लागते, तिनं स्वतःच्या पायावर उभं राहायला शिकलं पाहिजे. तोवर मी पेंटरकडून नंबरप्लेट आणतो. दुपारी बायको आली की अण्णांना खुर्चीसकट खाली उतरवायचं, सीटवर बसवायचं, तळ्यापर्यंत चक्कर. परत आल्यावर त्यांना फक्त एवढंच विचारणार की माझ्या हाताला काय नाही म्हणालात?

२० फेब्रुवारी, सकाळी अकरा
सुरू. पहिल्या फटक्यात! काटा भरलेल्यावर. शटर खाली, रजई कोंबली. अण्णांना वर जाऊन शुभेच्छा दिल्या, खिडकी नीट लावली. म्हणाले की तू कोण. थट्टा करतात. पेंटरकडे निघतो.

२३ फेब्रुवारी, हॉस्पिटल
तीन दिवस वही घरी होती. आज आणली. लिहिलं पाहिजे.

पेंटरनं दीड तास बसवून ठेवलं. परत आलो तर गॅरेज गप्प. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तीन तास चालायला हवं ते इंजिन तीन तासांच्या आत बंद! शटर उघडलं, बॉनेट उघडलं. स्पार्क बघितला, कार्बुरेटर बघितले. मी वीस मिनिटं बॉनेटमध्ये डोकं घालून बसलो होतो. वीस. घड्याळ समोर होतं. तेवढ्यात बायको शाळेतून आली आणि माझ्याकडे न बघता जिना चढली. तिनं वरून मारलेली हाक मी आयुष्यात ऐकली नव्हती.

काठी जमिनीवर पडलेली होती. गाल लाल. आम्ही दोघांनी त्यांना खुर्चीसकट खाली आणलं. ज्या पद्धतीनं मी ठरवलं होतं त्याच पद्धतीनं.

डॉक्टरांनी विचारलं की बंद गॅरेज, वर खोली, मध्ये भोक, असं किती दिवस. मी वही आठवून नीट तारीख सांगितली. त्यांनी ती लिहून घेतली नाही. इंजिनाच्या धुरातल्या विषारी वायूनंच गाल असे लाल होतात म्हणाले. अण्णांना ऑक्सिजन लावला आहे. आज सकाळी डोळे उघडले. बायकोला ओळखलं.

२४ फेब्रुवारी
मिस्त्री घरी जाऊन गाडी बघून आले. इंजिन का बंद पडलं ते कळलं. त्यांनी टाकीत काडी घालून बघितली, काडी कोरडी. पेट्रोल संपलं होतं. काटा म्हणे अजूनही भरलेल्यावरच आहे, त्यांनी डॅशबोर्डवर दोन बुक्क्या मारल्या तरी हलला नाही.

डॉक्टर म्हणाले की इंजिन आणखी अर्धा तास चाललं असतं तर आपण हे बोलत बसलो नसतो.

घरी कपडे आणायला गेलो. नरसाळं बायकोनं काढलं आहे. माझ्या उशीवर ठेवलं आहे. भोकात पुन्हा चिंध्या.

मी गॅरेजमध्ये गेलो आणि आलेखाकडे बघितलं. एकेचाळीस, तेहेतीस, एकोणीस, अकरा, पाच, शून्य. महिनाभर मी माझ्या बापाला विझताना मोजत होतो, आणि खाली टाळ्या वाजवत होतो. भीती वाटली. रडू आलं, आणि डोकं अजिबात दुखत नव्हतं.

२६ फेब्रुवारी, संध्याकाळ
मास्क काढला. बोलायला अजून त्रास होतो, ऐकू सगळं येतं. बायको चहा आणायला गेली होती. मी खुर्ची पलंगाजवळ ओढली. माफी मागायची असं घरून ठरवून आलो होतो. दोन वाक्यं पाठही केली होती.

पण बोलता बोलता वेगळंच निघालं. मी म्हटलं की अण्णा, एका परीनं बघितलं तर तो काटा मीच दुरुस्त केला होता. तो बरोबर दाखवत असता तर मी वेळेवर पेट्रोल भरलं असतं, म्हणजे एका परीनं माझ्या हाताला...

अण्णांनी बोट उचललं आणि पलंगाच्या लोखंडी दांडीवर वाजवलं. सावकाश. एकदा. मग आणखी एकदा.

दोन म्हणजे बंद कर. बंद केलं.