हापूसच्या जागी लिंबू

बाबा,

चारकोपच्या घरापुढे तुमचा आंबा होता, त्या जागी मी आज लिंबू आणि पेरू लावला. आंबा लावला नाही आणि लावणारही नाही. आधी सगळं ऐकून घ्या, मग काय रागवायचं ते रागवा.

ते कलम तुम्ही गावाहून मांडीवर घेऊन आला होतात. माझ्या पायाशी बॅगा आणि तुमच्या मांडीवर हापूस, सगळा प्रवास तुम्ही हललाही नाहीत. कलम देणाऱ्या काकांनी आपल्या दोघांसमोर बजावलं होतं की कलम बांधलंय त्या जोडाच्या खालून फुटवे आले की काढत जा, नाहीतर खालचं रायवळ वर चढेल आणि हापूस मरेल. दिवाळीच्या सुमारास खालून फुटवा आला. मी कात्री घेऊन झाडाशी बसले आहे, अंगात शाळेचा गणवेश आहे, आणि तुम्ही ओट्यावरून ओरडता, "गो, कलमाक हात लावू नको. ह्या बायलमाणसाचा काम न्हय." कात्री माझ्या हातातून काढून घेतलीत. तुम्ही स्वतःही फुटवा कापला नाहीत, कारण वाढत्या फांदीला पातं लावायला तुमचा जीव होईना. बघता बघता वरचा हापूस वाळून गेला आणि खालचं रायवळ छपरापर्यंत पोचलं.

पुढे फळं धरली, ती आंबट आणि नुसत्या दोऱ्यांची. तरी तुम्ही ती सेक्टरभर हापूस म्हणून वाटलीत. लोक तोंड वाकडं करायचे आणि तुम्ही म्हणायचात, "यंदा हवा बरोबर नाय." दरवर्षी हवाच चुकायची. मी काही बोलायला गेले की आई डोळ्यांनी गप्प करायची. माझा राग त्या आंब्यावर कधीच नव्हता, बाबा. राग कात्री काढून घेतल्याचा होता, आणि तो अजून आहे.

मागच्या वर्षी किडीनं झाड आतून पोखरलं, परवानगी काढून पाडावं लागलं. लगेच दादाचा मुलुंडहून फोन. "अगं, बाबांची आठवण म्हणून आंबाच लाव ना, यार. आता बुटके पण मिळतात, ड्रममध्ये येतात." मी विचारलं, "पाणी घालायला तू येणारेस?" त्यावर त्याने फोन वहिनीकडे दिला. आईचंही तेच, "आंबोच लाव गो. त्यांका बरा वाटात." तुम्हाला बरं वाटावं म्हणून या घरात पुष्कळ करून झालं.

नर्सरीत मी सकाळभर हिंडले. डाळिंब मनात भरलं होतं, पण आपल्या दमट हवेत त्याच्या फळावर डाग पडतात. अंजीर पावसात सडतं. चिकूचा पसारा आपल्या वीतभर अंगणाला झेपायचा नाही. शेवटी कागदी लिंबू घेतलं आणि पेरूचं कलम. पेरू छाटत राहिलं की बुटका ठेवता येतो, आईला खुर्चीत बसून तोडता येईल. दारात काटेरी झाड नको असं तुम्ही म्हणायचात, म्हणून लिंबू मुद्दाम दारातच, फाटकाजवळ लावलं. पेरूच्या जोडाखाली एक फुटवा होता, तो सगळ्यात आधी कापला.

झाड लावताना देवाला राखणीचं गाऱ्हाणं घालायचं ते घरातल्या कर्त्या पुरुषानं, आणि बायकांनी मागे उभं राहून फक्त 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, हे तुमच्यापासून चालत आलेलं. दादा आला नव्हता आणि मी त्याची वाट बघितली नाही. नारळ ठेवला, हात जोडले आणि मोठ्यानं सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, आज ही दोन झाडां लावलंय, त्यांची राखण कर रे म्हाराजा." शेजारची खिडकी उघडली, उघडू दे. आई मागे खुर्चीत बसून होती. ती काही बोलणार नाही असं मी धरून चालले होते. मग मागून तिचा आवाज आला, "व्हय म्हाराजा." जन्मभर ती हे तुम्हाला म्हणत आली, आज मला म्हणाली.

हे तुम्हाला पाठवायचं म्हटलं तरी कुठे पाठवणार, घडी करून कपाटात टाकेन. एक मात्र कबूल करते. गाऱ्हाणं सुरू करण्याआधी मी खाकरले, अगदी तुम्ही खाकरायचात तशी. आईनं दचकून दाराकडे पाहिलं. मीही पाहिलं.