मागे थांबणारी

आइंडहोवन,
मंगळवार, ऑक्टोबरचा दुसरा आठवडा

प्रिय लतिका,

शाळेच्या मागच्या नळाजवळ आपण दोघी पायरीवर बसलो आहोत आणि तू तुझ्या स्टिकच्या मुठीला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळते आहेस, हे चित्र आज सकाळपासून डोळ्यांपुढून हलत नाही. त्या दिवशी विशेष काही घडलं नव्हतं. प्रॅक्टिस संपली होती. देवळालीच्या मुरमानं आपले पाय गुडघ्यापर्यंत तांबडे झाले होते. पट्टीचं टोक तू दातांत धरलं होतंस, त्यामुळे तुला बोलता येत नव्हतं आणि मी दोघींच्या वाटचं बोलत होते. मग आपण पॅडं सोडली. तुझ्या मोरेश्वरदादाची ती एकच जोडी, कॅनव्हासची, आत वेताच्या काड्या घातलेली. तू उजवी फुलबॅक म्हणून उजवं तुला, मी डावी म्हणून डावं मला. चेंडू काही ते बघून येत नसे. ज्या पायाला पॅड नसे त्या नडगीवर दोघींच्याही सारख्याच निळ्या खुणा असायच्या.

फोनवर तू दर वेळी विचारतेस, बरी आहेस ना, आणि मी म्हणते, जरा थकते गं. त्यापुढे जात नाही. म्हणून लिहायला बसले. एका बैठकीत होणार नाही, चार ओळी झाल्या की पेन खाली ठेवावं लागतं. सांगायची गोष्ट एकच आहे, त्या फायनलची, जिच्याबद्दल आपण पन्नास वर्षांत एक अक्षर बोललो नाही. पण तिच्यापर्यंत मला गुंजनच्या वाटेनं यावं लागणार आहे, तेवढा धीर धर.

गुंजन म्हणजे माझ्या अभिरामची मुलगी. तू पाहिलीस तेव्हा चार वर्षांची होती आणि तुझ्या अंगणातल्या कोंबड्यांमागे धावत होती. आता सतराची आहे, माझ्याहून वीतभर उंच. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र डचमध्ये देते. सात वर्षांची असल्यापासून इथल्या क्लबात हॉकी खेळते आणि कोणी न सांगता बचावात जाऊन उभी राहिली. तिथे मला पहिल्यांदा वाटलं की ही माझी नात आहे. इथलं मैदान निळं असतं, प्लॅस्टिकच्या गवताचं, आणि खेळाआधी त्यावर पाणी मारतात. मुरूम नाही, धूळ नाही, गुडघे फुटणं नाही. दर शनिवारी मी माझी घडीची खुर्ची, चहाचा थर्मास आणि एक वही घेऊन कडेला बसते. विनायक गेल्यावर, घरात एकटी उरले तेव्हापासून, हा नेम लागला. शनिवार रिकामा गेला की रविवार फार लांब होतो.

वही गुंजनच्या खेळाची, मी लिहिते ती. पंधराव्या वर्षी ती कशी होती ते त्यात आहे: समोरून मुलगी चेंडू घेऊन आली की ही धावत जाऊन स्टिक घालायची, आणि ती मुलगी हिला वळसा घालून निघून जायची. मी घरी तिला चमचा आणि लिंबू घेऊन टेबलावर दाखवलं, की घाई समोरचीला असते, आपल्याला नसते. तिला कडेकडेनं बाहेर न्यायचं, तिची जागा संपू द्यायची, मग स्टिक. सोळाव्या वर्षी ती थांबायला शिकली. या वर्षी तिचा लांब पास असा बसायला लागला की कडेचे बाप चहा पिता पिता थांबतात. डावीकडे वळताना अजून जड आहे. आणि एक खोड गेली नाही, ती मागे बघत नाही. मागे कोणीतरी आहे असं गृहीत धरून पुढे जाते.

आणि मागे कोणीतरी असायचं. तिचं नाव फेना. शेतकऱ्याची मुलगी, रुंद खांद्यांची, अबोल, धावायला जरा मंद. गेल्या हिवाळ्यात दोघी माझ्याकडे जेवायला आल्या होत्या. तेव्हा मी त्यांना आपली खूण सांगितली: जी चेंडूवर जाईल तिनं ‘जाते’ म्हणून ओरडायचं आणि दुसरीनं काही न विचारता मागे थांबायचं. सिस्टर फिलोमिना इंग्रजीत ओरडा म्हणून आपल्याला दंड करायच्या आणि आपण तरी ‘जाते’च म्हणायचो, हे ऐकून गुंजन खूप हसली. समोरच्यांना कळत नाही म्हणून दोघींनी ते उचललंच. फेनाच्या तोंडून ते ‘याते’ असं येतं. निळ्या मैदानावर वाऱ्यात तो शब्द ऐकला की मला चहाचा कप खाली ठेवावा लागायचा.

एप्रिलमध्ये त्यांची ट्रेनर हॅनेके सायकल हातात धरून माझ्या खुर्चीपाशी आली. पुढच्या मोसमात पहिल्या संघात मधल्या बचावाच्या दोनच जागा, आणि मुली तीन: गुंजन, फेना आणि लीसे नावाची एक उंच, हरणासारखी धावणारी. तिच्या मते गुंजन आणि लीसे ही जोडी दिसतेच आहे, फेनाला दुसऱ्या संघात पाठवावं. पण तुम्ही दोन वर्षं लिहिता आहात, म्हणाली, स्वतः बॅक खेळलेल्या आहात, मला तुमचं मत कागदावर हवं. इथे ही पद्धतच आहे. क्लब आईबाप आणि आजीआजोबाच चालवतात, कोणी बारमध्ये बटाटे तळतं, कोणी शिट्टी वाजवतं. मी म्हटलं, मी आजी आहे, माझं मत कसं धरणार? ती म्हणाली, म्हणूनच विचारते, आजीला खोटं बोलायचं असलं की लगेच दिसतं. तिला काय माहीत, लतिका.

मग मी वही पहिल्यापासून वाचली. गुंजनच्या नावानं पानं भरलेली. लीसेच्या नावानं बरंच काही. फेनाचं नाव शोधायला लागलं. दोन वर्षांत पाच वेळा सापडलं, आणि पाचही वेळा ती आजारी किंवा सुट्टीवर होती म्हणून. ‘आज फेना नाही. मधून सारख्या घुसल्या.’ ‘फेना नाही. गुंजन आज बावरलेली.’ फेना होती त्या शनिवारी मी लिहिलेलं असायचं की गुंजन सुरेख खेळली. जी बरोबर जागी उभी असते तिला काही करावंच लागत नाही, मग बघणारी तिच्याबद्दल लिहिणार काय? मी वही मिटली. आपल्याबद्दल कोणी वही ठेवली असती तर त्यात तुझं नाव किती वेळा आलं असतं?

त्यानंतरच्या शनिवारी टिलबर्गला सामना होता. अभिरामनं गाडीतून नेलं. गाडीपासून मैदानापर्यंत मला दोनदा थांबावं लागलं, मी बुटाची नाडी बघतेय असं दाखवलं. शेवटची पाच मिनिटं, बरोबरी. चेंडू फेनाच्या बाजूनं आला. ‘याते!’ ती ओरडली, मी खुर्चीवरून ऐकलं, आणि ती पुढे गेली. गुंजननं मागे थांबायचं होतं. पण कडेला जिल्ह्याच्या निवडीची माणसं उभी होती आणि ते तिला माहीत होतं. तीही धावली. मागे कोणीच उरलं नाही. चेंडू दोघींच्या मधून गेला आणि गोल झाला.

लतिका, मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. गोल गेला म्हणून नाही. आता हॅनेके येणार, विचारणार, आणि गुंजन काय बोलणार ते मला पाठ होतं. सामना संपला, मुली रिंगण करून उभ्या राहिल्या, हॅनेकेनं विचारलं की तिथे काय झालं. फेना खाली बघत होती, तू बघत होतीस तशी. गुंजननं स्टिक वर केली आणि म्हणाली, “माझी चूक. फेनानं सांगितलं होतं.” एवढंच. हॅनेकेनं मान हलवली आणि पुढचं बोलायला लागली. फेनानं हिच्या पाठीत एक गुद्दा घातला. दोन मिनिटांनी दोघी एकाच केळ्याचे तुकडे खात होत्या. आभाळ पडलं नाही. मी बघत होते, काहीसुद्धा पडलं नाही.

नाशिकच्या त्या फायनलला तू ‘जाते’ म्हणाली होतीस. मी ऐकलं होतं. स्वच्छ ऐकलं होतं. माझं काम मागे थांबायचं होतं, पण महाराष्ट्राच्या शालेय संघाचे निवडणारे खुर्च्यांवर बसले होते आणि मला त्यांच्यासमोर चेंडू अडवायचा होता. गोल गेल्यावर सिस्टरनी विचारलं, कोणी हाक दिली नाही? मी म्हणाले, लतिकानं हाक दिलीच नाही, सिस्टर. तू माझ्याकडे पाहिलंस आणि मग जमिनीकडे. एक शब्द बोलली नाहीस. यादीत माझं नाव आलं, तुझं आलं नाही. वडिलांनी तुझी हॉकी बंद केली, नाही तरी निवड झाली नाही म्हणाले, आणि पुढच्या आठवड्यात तू तुझं पॅड घालायला आली नाहीस. मी संघाचा ब्लेझर घालून फोटो काढला. माझ्या लग्नात तू वाढायला उभी होतीस, मी इकडे आले तेव्हा तू मेतकुटाचा डबा भरून दिलास, आई शेवटच्या आजारात होती तेव्हा रात्ररात्र तिच्या उशाशी तू बसलीस, कारण मला विमान मिळत नव्हतं. मी कायम पुढे गेले आणि मागे तू होतीस, म्हणून माझं सगळं सुरेख दिसलं. मला वाटायचं तू विसरलीस. मग वाटायचं तू माफ केलंस. खरं सांगायचं तर मी विचारायलाच घाबरत होते.

हॅनेकेला मी दोन पानं लिहून दिली. लिहिलं की गुंजन आणि फेना ही सगळ्यांत चांगली जोडी आहे. गुंजन आणि लीसे ही दिसायला चांगली, पण दोघीही पुढे जाणाऱ्या. आणि एकच जागा ठरवायची असेल तर आधी फेनाला घ्या, कारण तिच्याबरोबर कोणीही बरी खेळते. जूनमध्ये यादी लागली: फेना आणि लीसे. गुंजन दुसऱ्या संघात, निदान नाताळपर्यंत, मागे थांबायला शिकण्यासाठी. अभिरामला कुणीतरी सांगितलं की आजीचा कागद होता. तो चिडला की मराठीवर येतो. “आई, तू नक्की कोणाच्या बाजूची?” म्हणाला. शलाकाकडून, माझ्या सुनेकडून, तीन आठवडे रविवारच्या जेवणाचं बोलावणं आलं नाही. गुंजन स्वतः चौथ्या दिवशी सायकलवरून आली. रडून झालेलं दिसत होतं. थालीपीठ खाल्लं आणि विचारलं की दुसऱ्या संघाचे सामने सकाळी नऊला असतात, एवढ्या लवकर येशील का. मी गेले. सप्टेंबरभर गेले. ती आता मागे वळून बघते, वहीत तारीख लिहून ठेवली आहे. गेल्या दोन शनिवारी मात्र जाणं झालं नाही.

आता ते थकण्याचं. स्वादुपिंडाचं आहे, मार्चपासून माहीत आहे, आणि यकृतापर्यंत पोचलं आहे. इथले डॉक्टर गोड करून सांगत नाहीत. आपल्यासमोर खुर्ची ओढून बसतात आणि सांगतात. नाताळ दिसेल, गुढीपाडवा धरू नका, असा त्यांच्या बोलण्याचा अर्थ. औषधांची आणखी एक फेरी होती, तिला मी नको म्हटलं, मला शनिवार हवे होते. अभिरामला आता माहीत आहे, कळल्यापासून तो चिडत नाही, ते मला जास्त जड जातं. नाशिकला येणं आता माझ्याच्यानं व्हायचं नाही. मी गेल्यावर तो आणि गुंजन माझं जे उरेल ते घेऊन गोदावरीवर येतील, आणि हे पत्र गुंजन स्वतः तुझ्या हातात देईल. तिला देवनागरी वाचता येत नाही, तेव्हा तिनं वाचलेलं नाही. तुला वाटलं तर वाचून दाखव, सगळं, फायनलसकट. तू रागावलीस तर रागाव, मला उत्तर द्यावं लागणार नाही याची मी सोय करून घेतली आहे, हाही माझाच भित्रेपणा समज. वस्तूंचं असं करायचं, अभिरामला डचमध्ये लिहून दिलं आहे, पण तुलाही माहीत असू दे. खुर्ची आणि थर्मास हॅनेकेला, कडेला बसणारं कोणीतरी लागतंच. वही फेनाला, तिला माझं मराठी अक्षर लागणार नाही, गुंजननं तिच्या शेजारी बसून ती कोणाकडून तरी वाचून घ्यायची, आणि फेनाचं नाव कुठे कुठे आलं आहे आणि का, ते समजावून सांगायचं. माझी जुनी स्टिक गुंजनला. ब्लेझर शलाकाला काचेत लावायचा आहे, तो लावू द्यायचा नाही, सुपरमार्केटच्या कोपऱ्यावर जुन्या कपड्यांची पेटी आहे त्यात टाकायचा. आणि डाव्या पायाचं पॅड या पत्राबरोबर आहे, कॅनव्हास विरला आहे, पट्ट्या मी गेल्या आठवड्यात नव्या शिवल्या. मुळात ते तुमच्या घरचंच. उजवं तू ठेवलं असशील तर त्याच्याशेजारी ठेव. ठेवलं नसशील तरी हे परत पाठवू नकोस.

तुझीच,
शामला